अडकणारं दार

रास अल खैमाला, मोती काढणाऱ्यांच्या ओस गावात
जिथं आता शेळ्या आणि भिंती तेवढ्या नांदतात,
मी एक दार बनवत होतो.
लाकूड हलकं, रंग मात्र असा
की चाळीस वर्षं खारा वारा खाल्लाय म्हणावं.

भर दुपारी तो आला, बिनछत्रीचा.
एउसेबियो तोवार. वय एकोणऐंशी. खिशात शेंगदाणे.
सगळे त्याला म्हणायचे माएस्त्रो,
मला सगळे मेस्त्री.
कुणीतरी हाक मारली, दोघांनी मान वळवली,
आणि तो इतका हसला की ठसका लागला.

दार उघडलं. लावलं. परत उघडलं.
मग काहीतरी पुटपुटला.
लुझमिंडा, झांबोआंगाची, कपड्यांना इस्त्री करायची;
तिच्या घरच्या बोलीत अर्धी स्पॅनिश.
कॅम्पातल्या हिंदीत तिनं मला सांगितलं:
दार चुकलं, म्हणतो. फार छान लागतं.

बावीस वर्षांत माझ्या दाराला
असलं नाव कुणी ठेवलं नव्हतं.

त्याच्या आईचं दार अडकायचं.
वेराक्रूझला. तिथंही आखातच, दुसरं.

कडक चहाच्या पेल्यांमधून कळत गेलं,
पुढचं आधी, आधीचं नंतर:
पहिला सिनेमा मासळीबाजारात,
लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा उसना घेऊन.
दुसरा सरकारनं कुलपात घातला, अकरा वर्षं;
काढला तेव्हा रिळांवर बुरशी.
तिसऱ्याला युरोपात सोन्याचं काहीतरी मिळालं,
ते भाड्यापोटी विकलं की गहाण टाकलं,
तो शब्द लुझमिंडाला नीट लागला नाही.
मग चौदा वर्षं शांपूच्या जाहिराती.
बायकांचे केस, सावकाश उडणारे.
वारा मी तिथं शिकलो, म्हणाला.
मग अमेरिकेत एक मोठा, शहर बुडतं तो.
तो मी पाहिलाय, कुडाळला, व्हिडिओवर!
कुणाचा आहे ते ठाऊक नव्हतं. नावं वाचतो कोण?
मग काहीच नाही. गुडघे. बायको गेली.
आता इथले पैसे, आणि इथली अट:
जे काय करायचं ते याच किनाऱ्यावर.

समुद्र त्याला पटला नाही. लाटा कमी, मीठ जास्त.
पण भिंतीपाशी थांबला, नखानं खरवडली.
प्रवाळाचे दगड.
आमच्या किल्ल्यालाही हेच, म्हणाला,
आणि बराच वेळ नख बघत बसला.

रात्री दार उतरवलं.
आयुष्यभर अडकणाऱ्या दारांना रंधा मारला,
आज पहिल्यांदा सुतं उलटी मोजली.
चौकट दीड सूत आवळली, खालच्या कोपऱ्यात पाचर,
वरून ओलं फडकं, पहाटेपर्यंत.
वेंगुर्ल्याचं आमचं मागीलदार असंच फुगायचं.
आई आधी खांदा द्यायची, मग लाथ,
आणि शिवी कुणाला ते तिलाच माहीत.

सकाळी त्यानं नटीला करून दाखवलं:
आधी कंबर. मग पाऊल. हातातली टोपली हलता नये.
खांदा नाहीच.
मी बोलणार होतो. गप्प बसलो,
आई त्याची होती.

सहाव्या वेळी दार खरंच अडकलं.
नटी वैतागली, शेळ्या ओरडल्या.
त्यानं लांबूनच मला बोट दाखवलं,
रागानं की कसं, उन्हात दिसलं नाही.

दोन वर्षांनी तो सिनेमा फोनवर लागला.
सहाजणांची खोली, मी वरच्या बंकावर.
दोन तास दहा मिनिटं. दार कुठंच नाही.
कापलं.
फक्त एकदा, अंधारात पोरगं जागं पडलेलं असताना
बाहेरून धप्प. थोडं थांबून पाऊल.
मग लाकडाची ती कुरकुर, माझ्या पाचरीची.

शेवटी नावं धावली. तीनदा थांबवून वाचली.
लुझमिंडा आहे, एक अक्षर चुकून.
मी बहुतेक 'आणि इतर' मध्ये.

खालच्या बंकावरून फिरोजनं विचारलं, कोण आलं रे?
आम्ही दोघांनी दाराकडे पाहिलं.
आमचं दार अॅल्युमिनियमचं, सरकतं.
ते कधी अडकत नाही.